काचेतला रंग धातूचा की त्याच्या जागेचा?

निकेल ऑक्साइडची सारखीच चिमूट तीन वेगवेगळ्या काचांच्या रसात टाकली, तर तीन वेगवेगळे रंग मिळतात. लिथियमयुक्त काच पिवळसर होते, सोडियमयुक्त काच तपकिरी दिसते आणि पोटॅशियमयुक्त काच जांभळी होते. तिन्हींमध्ये रंग देणारा धातू एकच, त्याचे प्रमाण तेच आणि त्याच्यावरचा विद्युतभारही तोच. लिथियम, सोडियम आणि पोटॅशियम यांना तर काचेत स्वतःचा असा रंगच नसतो. ‘कोबाल्ट म्हणजे निळा, क्रोमियम म्हणजे हिरवा, मँगनीज म्हणजे जांभळा’ अशा याद्या पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतात. त्या चुकीच्या आहेत असे म्हणता येणार नाही, पण निकेलचे हे उदाहरण पाहिले की त्यांचा अपुरेपणा लक्षात येतो. काचेचा रंग धातूच्या नावावर जितका ठरतो, तितकाच तो धातू काचेत कोणत्या रूपात आणि कोणत्या शेजारात बसला आहे यावरही ठरतो.

हा शेजार समजून घ्यायचा तर आधी काचेची बांधणी पाहावी लागते. काचेचा मुख्य घटक म्हणजे सिलिका, अर्थात वाळूतले सिलिकॉन डायऑक्साइड. त्यात प्रत्येक सिलिकॉन अणूभोवती चार ऑक्सिजन अणू असतात आणि त्यांचा मिळून एक चतुष्फलक तयार होतो. प्रत्येक ऑक्सिजन दोन सिलिकॉन अणूंमध्ये सामाईक असल्यामुळे हे चतुष्फलक कोपऱ्याला कोपरा जोडत जातात आणि त्यांचे एक अखंड, त्रिमितीय जाळे बनते. क्वार्ट्झच्या स्फटिकात हे जाळे शिस्तीत, ठरावीक अंतराने तसेच्या तसे पुन्हा येत राहते. काचेतही चतुष्फलक तेच असतात, परंतु त्यांना जोडणारे कोन जागोजागी थोडेथोडे बदलत जातात, त्यामुळे दूरवरची शिस्त मोडते. विल्यम झकारियासन यांनी १९३२ साली मांडलेली ही कल्पना, पुढे तिच्यात बरीच भर पडली असली तरी, काचेच्या रसायनशास्त्राचा पाया म्हणून अजूनही वापरली जाते.

निव्वळ सिलिका वितळवायला सुमारे १,७०० अंश सेल्सिअस तापमान लागते आणि वितळल्यावरही तिचा रस इतका घट्ट असतो की त्याला आकार देणे कठीण जाते. म्हणून वाळूत सोडा मिसळतात. सोड्यातला सोडियम ऑक्साइड या जाळ्यातला एक पूल तोडतो. दोन सिलिकॉन अणूंना जोडणाऱ्या एका ऑक्सिजनाच्या जागी दोन ऑक्सिजन येतात, ते एकेका सिलिकॉनला चिकटतात आणि त्यांची दुसरी बाजू मोकळी राहते. या मोकळ्या टोकांवरचा ऋणभार सांभाळण्यासाठी सोडियमचे धनभारित आयन (विद्युतभार असलेले अणू) त्यांच्या आसपास, जाळ्याच्या पोकळ्यांमध्ये बसतात. पूल तुटले की रस पातळ होतो आणि कमी तापमानाला वितळतो. पण पूल तोडण्याची किंमत असते. केवळ वाळू आणि सोडा यांच्यापासून केलेली काच पाण्यात विरघळते. तिच्या द्रावणाला ‘वॉटर ग्लास’ म्हणतात आणि ते डिंकासारखे वापरले जाते. या काचेला टिकाऊपणा देण्याचे काम चुना करतो. कॅल्शियमच्या आयनावर दोन धनभार असल्यामुळे तो दोन मोकळ्या टोकांना एकाच वेळी धरून ठेवतो आणि सोडियमइतक्या सहजपणे जागा सोडत नाही. खिडकीच्या नेहमीच्या काचेत साधारण ७२ टक्के सिलिका, १४ टक्क्यांच्या आसपास सोडियम ऑक्साइड आणि १० टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम ऑक्साइड असते. हे प्रमाण मुळात अनुभवाने सापडले आणि त्याचा अर्थ फार नंतर उलगडला.

सोडियमचे आयन जाळ्यात सैलसर बसलेले असतात, ही गोष्ट अनेक ठिकाणी कामी येते आणि अनेक ठिकाणी नडतेही. काचेवर पाणी साचून राहिले, तर पाण्यातले हायड्रोजन आयन हळूहळू आत शिरतात, सोडियम बाहेर पडतो आणि पृष्ठभागावर सिलिकाचा एक दुबळा थर उरतो. मध्ययुगीन युरोपात लाकडाच्या राखेपासून केलेल्या काचेत सिलिकाचे प्रमाण कमी आणि पोटॅशियम-कॅल्शियमचे प्रमाण जास्त असे, म्हणून त्या काळच्या अनेक खिडक्या खवल्यांसारख्या झिजलेल्या दिसतात, तर त्यांच्याहून हजारेक वर्षांनी जुन्या असलेल्या रोमन काचा पुष्कळदा अधिक चांगल्या स्थितीत सापडतात. उलट, हीच अदलाबदल मुद्दाम घडवून आणली तर काच मजबूत होते. मोबाइलच्या पडद्याची काच सुमारे ४०० अंशांना वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटमध्ये बुडवून ठेवतात. पृष्ठभागाजवळचे सोडियम आयन बाहेर पडतात, त्यांच्या जागी आकाराने मोठे पोटॅशियम आयन शिरतात आणि दाटीवाटीने बसल्यामुळे पृष्ठभाग दाबाखाली राहतो. तडा पसरण्यासाठी आधी या दाबावर मात करावी लागते.

या सगळ्यात रंगाचा कुठे संबंध आला नाही, आणि त्याला कारण आहे. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांच्या आयनांतील इलेक्ट्रॉनांची कवचे पूर्ण भरलेली असतात. त्यांतला इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर नेण्यासाठी जेवढी ऊर्जा लागते, तेवढी दृश्य प्रकाशाच्या कणांत नसते. सिलिकाच्या जाळ्याचेही तसेच आहे. त्यामुळे सगळा दृश्य प्रकाश आरपार निघून जातो. लोह, कोबाल्ट, निकेल, मँगनीज, क्रोमियम, तांबे या संक्रमणी धातूंची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या आयनांत ‘डी’ नावाची पाच कक्षके, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या जागा, असतात आणि ती बहुधा अर्धवट भरलेली असतात. आयन एकटा असेल तर या पाचही कक्षकांची ऊर्जा सारखी असते. मात्र तो काचेत बसला की भोवतालचे ऋणभारित ऑक्सिजन त्याच्या इलेक्ट्रॉनांना ढकलू लागतात. जी कक्षके ऑक्सिजनांच्या दिशेने रोखलेली असतात, त्यांची ऊर्जा जास्त वाढते आणि जी त्यांच्या मधल्या फटींकडे वळलेली असतात, त्यांची कमी. पाच सारख्या पायऱ्यांऐवजी वरच्या आणि खालच्या असे दोन गट तयार होतात आणि त्यांच्यातले अंतर नेमके दृश्य प्रकाशाच्या ऊर्जेइतके किंवा त्याच्या आसपास असते. त्या ऊर्जेचा प्रकाश आयन शोषून घेतो आणि उरलेला आपल्यापर्यंत पोहोचतो. स्फटिकांच्या संदर्भात हे विवेचन हान्स बेथे यांनी १९२९ मध्ये केले आणि ते काचेलाही लागू पडले, कारण आयनाला दूरवरच्या शिस्तीशी काही देणेघेणे नसते. त्याला लगतचे शेजारीच महत्त्वाचे असतात.

शेजारी किती आणि कसे बसले आहेत, यावर पायऱ्यांमधले अंतर ठरते. सहा ऑक्सिजन अष्टफलकाच्या टोकांवर बसले, तर अंतर मोठे होते आणि चार ऑक्सिजन चतुष्फलकाच्या टोकांवर बसले, तर ते निम्म्याहूनही कमी होते. कोबाल्टचे आयन पाण्यात असताना त्यांच्याभोवती पाण्याचे सहा रेणू असतात आणि द्रावण फिकट गुलाबी दिसते. तेच आयन काचेत मुख्यतः चार ऑक्सिजनांच्या मध्ये बसतात आणि गडद निळा रंग देतात. रंग तर बदलतोच, शिवाय त्याची तीव्रताही कितीतरी पटींनी वाढते. सहा शेजाऱ्यांची रचना मध्यबिंदूभोवती सममित असते आणि अशा सममित रचनेत या प्रकारचे शोषण पुंज भौतिकीच्या नियमांनी जवळजवळ निषिद्ध ठरते. चार शेजाऱ्यांच्या रचनेत ती सममिती नसल्यामुळे बंधन सैल होते. म्हणूनच शेकडा काही शतांश भाग एवढा कोबाल्टही काच स्पष्ट निळी करायला पुरतो. तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्याजवळ उलुबुरुन येथे बुडालेल्या, इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातील एका जहाजावर कोबाल्टने रंगवलेल्या निळ्या काचेच्या लाद्या सापडल्या आहेत. म्हणजे कोबाल्ट हा वेगळा धातू आहे, हे स्वीडनच्या गेऑर्ग ब्रांट यांनी १७३० च्या दशकात दाखवून देण्यापूर्वी तीन हजारांहून अधिक वर्षे कारागीर त्याचा रंग हुकमी वापरत होते. खाणकामगारांना मात्र त्याचे खनिज त्रासदायक वाटे आणि ‘कोबोल्ड’ या जर्मन लोककथांतल्या खोडकर भुताचे नाव त्याला चिकटले ते चिकटलेच.

आता निकेलचे कोडे सुटते. लिथियमचा आयन लहान असतो, त्यामुळे त्याचा भार एकवटलेला असतो आणि तो आसपासच्या ऑक्सिजनांना घट्ट ओढून धरतो. पोटॅशियमचा आयन मोठा असल्याने त्याची पकड ढिली असते. ढिल्या पकडीतले ऑक्सिजन निकेलशी अधिक जवळीक साधू शकतात, आणि असे थोडे पण घट्ट शेजारी मिळाले की निकेल चतुष्फलकी जागेत स्थिरावतो आणि जांभळा रंग देतो. लिथियमच्या काचेत त्याला अधिक संख्येने, पण दूरदूर राहणारे शेजारी मिळतात आणि रंग पिवळ्याकडे झुकतो. सोडियम या दोघांच्या मधला असल्यामुळे त्याच्या काचेत दोन्ही प्रकारच्या जागा थोड्याथोड्या भरतात आणि त्यांच्या मिश्रणातून तपकिरी छटा येते. रंगहीन असलेले घटकही रंग कसा फिरवतात, याचे याहून स्वच्छ उदाहरण माझ्या माहितीत नाही.

शेजाराइतकाच महत्त्वाचा दुसरा मुद्दा म्हणजे आयनावरचा भार, आणि त्याची खरी परीक्षा लोहात होते. खिडकीच्या काचेचा तुकडा कडेच्या बाजूने पाहिला तर हिरवा दिसतो. समोरून पाहताना प्रकाश काही मिलिमीटरच काचेतून जातो, कडेने पाहताना तो कितीतरी सेंटिमीटर जातो, म्हणून एरवी न जाणवणारा रंग तिथे उठून दिसतो. हा रंग वाळूतून आपसूक आलेल्या लोहाचा असतो. नेहमीच्या काचेत त्याचे ऑक्साइड शेकडा ०.१ भागाच्या आसपास असते. हे लोह दोन रूपांत वावरते. दोन धनभार असलेला फेरस आयन अवरक्त किरण शोषतो. त्याचे शोषण सुमारे १,०५० नॅनोमीटर तरंगलांबीला सर्वाधिक असते, पण ते इतके पसरट असते की त्याचे एक टोक दृश्य वर्णपटाच्या तांबड्या भागात घुसते. तांबडा प्रकाश कमी झाल्यामुळे फेरस आयन निळसर छटा देतो. तीन धनभार असलेला फेरिक आयन अतिनील आणि जांभळ्या बाजूचा प्रकाश शोषतो आणि पिवळसर छटा देतो. निळसर आणि पिवळसर एकत्र आले की हिरवा.

यातला फेरिक आयन दृश्य प्रकाशात फार दुबळा आहे. त्याच्या पाच ‘डी’ कक्षकांत एकेक असे पाच इलेक्ट्रॉन असतात आणि पाचांचेही परिवलन (स्पिन) एकाच दिशेचे असते. यांपैकी कोणालाही दुसऱ्या कक्षकात जायचे असेल तर परिवलनाची दिशा उलटवावी लागते, आणि प्रकाश शोषताना असे उलटणे नियमाने निषिद्ध आहे. दोन भार असलेल्या मँगनीजच्या आयनातही इलेक्ट्रॉनांची मांडणी अशीच असते, म्हणून तोही जवळजवळ रंगहीन असतो. मँगनीजवरचा एक इलेक्ट्रॉन काढून त्याचा भार तीन केला, की नियमाचा अडसर दूर होतो आणि काच दाट जांभळी होते.

काच स्वच्छ करण्याची जुनी युक्ती याच दोन धातूंच्या देवाणघेवाणीवर उभी आहे. रसात थोडे मँगनीज डायऑक्साइड टाकले, तर ते फेरस लोहाकडून इलेक्ट्रॉन काढून घेते. प्रभावी निळ्याचे रूपांतर दुबळ्या पिवळ्यात होते आणि काच पुष्कळ फिकी पडते. कारागीर या पदार्थाला ‘काचेचा साबण’ म्हणत, आणि इथवर तरी हे नाव शोभते. पण उरलेल्या मँगनीजची जांभळी छटा पिवळ्या-हिरव्यावर चढवून डोळ्याला रंग जाणवू न देणे, हा या युक्तीचा दुसरा भाग मात्र धुण्याचा नसून झाकण्याचा आहे; त्यात दोन्ही रंगांचे शोषण बेरजेने वाढते आणि काच बेरंगी दिसली तरी एकंदरीत किंचित काळवंडते. आता मँगनीजऐवजी बहुधा सेलेनियम आणि कोबाल्ट यांची अत्यल्प मात्रा वापरतात, तत्त्व मात्र झाकण्याचेच आहे. मँगनीज मागे पडण्याचे एक कारण असे की त्याची काच उन्हात बदलते. वर्षानुवर्षे सूर्यप्रकाश पडत राहिला की अतिनील किरण मँगनीजवरचा इलेक्ट्रॉन सोडवतात, तो लोहासारख्या दुसऱ्या आयनाकडे जातो आणि एके काळी स्वच्छ असलेली तावदाने जांभळी होतात. ती भट्टीत पुरेशी तापवली तर इलेक्ट्रॉन परततात आणि रंग निघून जातो.

भट्टीच्या हातात किती असते, हेही इथे सांगायला हवे. फेरस आणि फेरिक यांचे प्रमाण कच्च्या मालावर जेवढे ठरते, तेवढेच ते रसाच्या तापमानावर आणि त्यातल्या ऑक्सिजनाच्या उपलब्धतेवर ठरते. तापमान वाढले किंवा रसात कोळसा टाकला की फेरस वाढतो. नायट्रेटसारखा ऑक्सिजन देणारा पदार्थ टाकला की फेरिक वाढतो. इमारतींच्या उष्णतारोधक काचेत फेरस मुद्दाम वाढवतात, कारण त्याचे अवरक्त शोषण तिथे उपयोगी पडते. प्रकाशवाहक तंतूंमध्ये (ऑप्टिकल फायबरमध्ये) तेच शोषण घातक ठरते. चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले की त्या काळच्या काचतंतूंत प्रकाश विझत जाण्याचा मोठा दोष काचेचा नसून तिच्यातल्या अशुद्धींचा, विशेषतः लोहासारख्या धातूंच्या आयनांचा आहे. काओ यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते या कामासाठी.

औषधांच्या आणि बिअरच्या बाटल्यांचा तपकिरी रंगही लोहाचाच असतो, मात्र तिथे लोहाला ऑक्सिजनाखेरीज आणखी एक शेजारी लागतो. चार शेजाऱ्यांपैकी तीन ऑक्सिजन आणि एक सल्फाइड अशी मांडणी झाली, की सल्फाइडवरचा इलेक्ट्रॉन प्रकाश शोषून फेरिक लोहाकडे झेपावतो. इथे इलेक्ट्रॉन एका आयनाकडून दुसऱ्याकडे जात असल्यामुळे कक्षकांच्या अंतर्गत बदलांना असलेली बंधने लागू होत नाहीत आणि अगदी थोड्या लोहातून दाट रंग मिळतो. अडचण एवढीच की फेरिक लोह टिकायला ऑक्सिजन पुरेसा लागतो आणि सल्फाइड टिकायला तो कमी लागतो. दोघांनाही चालेल असा पट्टा अरुंद आहे, आणि कोळसा व सल्फेट यांचे प्रमाण थोडे चुकले तरी रंग हातचा जातो. ही काच निळा-जांभळा आणि अतिनील प्रकाश अडवते, म्हणून प्रकाशाने बिघडणारे पदार्थ तिच्यात सुरक्षित राहतात.

क्रोमियमचा कारभार त्यामानाने सरळ आहे: तीन भारांचा असताना हिरवा, सहा भारांचा असताना पिवळा. तांब्याचे मात्र तीन चेहरे आहेत. दोन भारांचा आयन आकाशी निळा देतो, एक भाराचा आयन रंगहीन असतो, कारण त्याची ‘डी’ कक्षके पूर्ण भरलेली असतात, आणि भार पूर्णपणे उतरून तांब्याचे अणू एकत्र गोळा झाले की काच लाल होते. या तिसऱ्या रंगाला आयनांचे गणित लागू होत नाही, आणि सोन्याच्या लाल काचेलाही नाही.

सोने काचेच्या रसात आयनांच्या रूपाने विरघळते आणि रस झटकन थंड केला तर काच जवळजवळ रंगहीन राहते. तीच काच पुन्हा तापवली की सोन्याचे आयन, कथिलासारख्या मदतनीसाकडून इलेक्ट्रॉन घेऊन, धातूचे अणू बनतात. ते अणू सरकत सरकत एकत्र येतात आणि काही ते काही दहा नॅनोमीटर आकाराचे कण तयार होतात. पाहता पाहता काच माणकासारखी लाल होते. या कणांतले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तालावर एकत्र हिंदकळतात आणि ५३० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश गिळतात. कण जास्त वाढले तर लाल रंग जांभळ्याकडे आणि पुढे मळकट तपकिरीकडे जातो, त्यामुळे दुसऱ्यांदा तापवणे हेच खरे कौशल्याचे काम. योहान कुंकेल यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॉट्सडॅम येथे अशी काच हुकमी बनवून दाखवली. मायकेल फॅरेडे यांनी १८५७ मध्ये हा रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचा असल्याचे प्रयोगांनी मांडले आणि गुस्ताफ मी यांनी १९०८ मध्ये त्याचे गणित दिले. ब्रिटिश म्युझियममधला चौथ्या शतकातला लायकर्गस चषक या सगळ्यांच्या कितीतरी आधीचा आहे. बाहेरून उजेड पडला की तो हिरवा दिसतो आणि आत दिवा ठेवला की लाल, कारण त्याच्या काचेत चांदी आणि सोने यांच्या मिश्रधातूचे नॅनोकण आहेत.

कणाच्या आकारावर रंग ठरण्याचा आणखी एक प्रकार काचेतच उघडकीस आला. अलेक्सेई एकिमोव्ह यांनी तांब्याचे क्लोराइड असलेली काच वेगवेगळ्या तापमानाला, वेगवेगळा वेळ तापवली, तेव्हा आत तयार झालेले स्फटिककण जितके लहान, तितके त्यांचे शोषण निळ्या बाजूला सरकलेले आढळले. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणातून पुंजबिंदूंचे (क्वांटम डॉट्स), म्हणजे आकारानुसार रंग बदलणाऱ्या अशा अतिसूक्ष्म कणांचे, शास्त्र पुढे आले आणि २०२३ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

शेजारावर रंग ठरतो, या सूत्राला एक ठळक अपवाद आहे. निओडिमियमसारख्या दुर्मीळ मृदा धातूंत रंग देणारे इलेक्ट्रॉन ‘एफ’ कक्षकांत, अणूच्या आतल्या भागात असतात आणि बाहेरची भरलेली कवचे त्यांना शेजाऱ्यांपासून आडोसा देतात. म्हणून काच कोणतीही असो, निओडिमियमच्या शोषणाच्या रेषा जवळपास जागच्या जागी आणि अरुंद राहतात. त्यांतली एक सोडियमच्या ज्योतीच्या पिवळ्या प्रकाशावर, म्हणजे ५८९ नॅनोमीटरवर, नेमकी बसते. हात-दिव्यावर काच तापवून आकार देणारे कारागीर याच धातूचा चश्मा लावतात. ज्योतीत काच तापली की तिच्यातला सोडियम थोडाथोडा सुटून वाफेत जातो. काचेत बसलेला असताना ज्याला कोणताही रंग नव्हता, तोच सोडियम आता इलेक्ट्रॉन परत मिळवून मोकळा अणू बनतो आणि डोळे दिपवणारा पिवळा प्रकाश टाकतो. चश्म्याच्या काचेतला निओडिमियम तेवढाच प्रकाश अडवतो आणि कारागिराला ज्योतीमागची मऊ झालेली काच स्पष्ट दिसू लागते.